कालच्या दुप्पट थंडी म्हणजे नक्की किती डिग्री?

प्रश्न: ताई नमस्कार. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेहून रात्री होम मैदानावरून आम्ही चालत निघालो होतो, मी, माझी आठवीतली मुलगी आणि मेव्हणा. थंडी चांगलीच होती, मोबाइलवर बघितलं तर १४ डिग्री. मेव्हणा म्हणाला, उद्या ह्याच्या डबल थंडी पडणार म्हणे. मुलगी लगेच, डबल म्हणजे २८ का ७? आम्ही हसलो पण ती काय सोडेना, मग मी म्हटलं थंडी डबल म्हणजे आकडा निम्मा, ७ धर. घरी आल्यावर अमेरिकेतल्या भावाचा फोन आला, तो म्हणतो आमच्याकडं फॅरनहाइट चालतं, तुमचे १४ म्हणजे आमचे ५७, त्याचं निम्मं साडेअठ्ठावीस, म्हणजे पाणी गोठणार. दुसऱ्या दिवशी तिनं शाळेत मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या केल्विनमध्ये करून बघ, आणि उत्तर आलं उणे १२९! खरं कुठलं? आणि मे महिन्यात आपल्याकडं ४२ होतं, मग ते जानेवारीच्या तिप्पट गरम म्हणायचं का?
(एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: काका, तुमच्या मुलीनं ते २८ का ७ विचारलं ना, तिथंच सगळं आलं, तिला माझ्याकडून शाबासकी द्या. आणि आधी हे सांगा की भागाकार तुमचा तिघांचाही बरोबर आहे. १४ चं निम्मं ७. १४ सेल्सिअस म्हणजे ५७.२ फॅरनहाइट, त्याचं निम्मं २८.६, ते परत सेल्सिअसमध्ये आणलं की उणे १.९. आणि १४ म्हणजे २८७.१५ केल्विन, निम्मं १४३.५७५, परत आणलं की उणे १२९.६ च्या आसपास. रात्र तीच, मैदान तेच, हवा तीच, पण एकाच्या उत्तरात स्वेटर पुरतो, दुसऱ्याच्यात बादलीतलं पाणी गोठतं आणि तिसऱ्याच्यात अशी थंडी येते जी पृथ्वीच्या पाठीवर कुठल्याच हवामान केंद्रानं आजवर नोंदवलेली नाही (नीचांक आहे अंटार्क्टिकातल्या व्होस्तोक केंद्राचा, २१ जुलै १९८३, उणे ८९.२). एवढा फरक आकडेमोडीतून येत नाही. तो मोजायला सुरुवात कुठून केली त्यातून येतो.

आमच्या जुन्या घरातली एक गोष्ट सांगते. आई दर दिवाळीला आम्हा भावंडांना दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करायची आणि डोक्यावर पाटी आडवी धरून पेन्सिलनं रेघ मारायची, पण मोजायची मात्र दाराच्या कडीपासून, कारण कडीच्या खाली मोजायला वाकावं लागायचं. मग ताईची रेघ कडीच्या वर पाच बोटं, माझी दहा बोटं. मी घरभर सांगत सुटले की मी ताईच्या दुप्पट उंच झाले! ताई रडायला लागली तेव्हा आजीनं दोघींना शेजारी उभं केलं आणि सगळ्यांना दिसलं की फरक पाच बोटांचाच आहे. पाच बोटं फरक हे खरं होतं, कडीपासून मोजा नाहीतर जमिनीपासून मोजा ते बदलत नाही. दुप्पट मात्र खोटं होतं, कारण माणसाची उंची जमिनीपासून असते, कडीपासून नाही. आणि धाकटा भाऊ तर कडीच्या खालीच होता, म्हणजे त्याची उंची उणे धरायची का?

सेल्सिअसचं शून्य म्हणजे ती दाराची कडी आहे. पाणी गोठतं तिथं शून्य, उकळतं तिथं १००, मधे सारखे भाग. रोजच्या वापराला एकदम सोयीचं, मला स्वतःला ते फार आवडतं, पण ती खूण माणसांनी ठरवून मारलेली आहे, तिथं ऊब संपत नाही. बर्फालासुद्धा काढून घेण्यासारखी भरपूर उष्णता असते, नाहीतर फ्रीजरमधला बर्फ शून्याच्या खाली उणे १८ वर गेलाच नसता.

ही खूण किती ठरवाठरवीची आहे बघा. स्वीडनच्या उप्सालाचे अँडर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये जे माप मांडलं ते आजच्या उलटं होतं, पाणी उकळतं तिथं ० आणि गोठतं तिथं १००! म्हणजे त्या मापावर थंडी वाढली की आकडा वाढायचा. १७४४ मध्ये ते गेले आणि नंतर थोड्याच वर्षांत ते माप उलटं करून आजच्यासारखं वापरायला लागले. आता गंमत अशी की तुमची होम मैदानावरची रात्र त्या मूळच्या मापावर ८६, आणि तिथं थंडी दुप्पट म्हणजे सरळ आकडाच दुप्पट, १७२, म्हणजे आजचे उणे ७२. झालं की चौथं उत्तर. माझ्या चौकटीच्या गोष्टीत सांगायचं तर हे वरच्या आडव्या लाकडापासून खाली मोजल्यासारखं.

फॅरनहाइटची कडी अजून वेगळ्या ठिकाणी. डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट यांनी १७२४ मध्ये आपलं माप मांडलं तेव्हा शून्य धरलं ते बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचं. नवसागर म्हणजे तोच, कल्हईवाला भांडं तापवून आत टाकतो आणि पांढरा धूर निघतो तो. बर्फात मीठ घातलं की बर्फापेक्षा जास्त गार होतं हे ज्यांनी लाकडी बादलीचा आइस्क्रीम पॉट फिरवलाय त्यांना सांगायला नको. त्या शून्यापासून मोजलं म्हणून पाणी गोठायला ३२ आले, आणि म्हणून तुमच्या भावाचं निम्मं तुमच्या निम्म्यापेक्षा वेगळं आलं. उणे ४० ला मात्र दोन्ही मापं एकाच आकड्यावर भेटतात, तेवढी एकच जागा.

मग जमीन कुठंय? ती सापडली हवेमुळं. हवा किंवा कुठलाही वायू गार केला की आक्रसतो, आणि दाब तोच ठेवला तर ० सेल्सिअसला त्याचं जेवढं आकारमान असतं त्याचा साधारण २७३ वा भाग दर डिग्रीला कमी होतो. शार्ल आणि गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञांच्या नावानं हा नियम कॉलेजात शिकवतात. आता रेघ तशीच खाली ओढत न्या, २७३ डिग्री खाली गेलं की कागदावर वायूचं आकारमान शून्य येतं. खरा वायू त्याच्या आधीच द्रव होतो, ऑक्सिजन उणे १८३ ला, नायट्रोजन उणे १९६ ला, पण कुठलाही वायू घ्या, रेघ जाते त्याच एका बिंदूकडं. विल्यम थॉमसन, जे पुढं लॉर्ड केल्विन झाले, त्यांनी १८४८ मध्ये कुठल्याच एका पदार्थावर अवलंबून नसलेलं तापमानाचं माप मांडलं, आणि आज आपण त्यांच्या नावाच्या मापात ० केल्विन म्हणतो ते म्हणजे उणे २७३.१५ सेल्सिअस. पदार्थातून याच्या पुढं काढून घ्यायला उष्णताच उरत नाही. जगातली कुठलीही प्रयोगशाळा तिथं अगदी जवळ जाऊ शकते, नेमकी पोचू शकत नाही.

म्हणून शास्त्राच्या भाषेत दुप्पट, निम्मं, तिप्पट बोलायचं तर केल्विनमध्येच, मुलीच्या मॅडम बरोबर आहेत. भौतिकशास्त्रात तर शीतता अशी राशीच आहे, १ भागिले केल्विनमधलं तापमान, साधारण त्या अर्थाची, म्हणजे शीतता दुप्पट करायची तर केल्विन निम्मं. उणे १२९.६ आलं ते असं. त्या थंडीत शुद्ध अल्कोहोलसुद्धा गोठून दगड होतं, ते उणे ११४ लाच गोठतं.

आता मे महिन्याचं. ४२ म्हणजे १४ च्या तिप्पट हे आकड्यांपुरतं खरं, उष्णतेचं नाही. ३१५.१५ भागिले २८७.१५ करा, १.०९७ येतं, म्हणजे सोलापूरचा मे जानेवारीच्या पहाटेपेक्षा जेमतेम दहा टक्के जास्त गरम! मला माहीत आहे, मे मध्ये दुपारी दोनला सात रस्त्यावर उभं राहून हे कुणाला सांगितलं तर पटणार नाही. पण तुमच्या गाडीच्या टायरला विचारा. जानेवारीच्या पहाटे टायरमध्ये ३० ची हवा भरली आणि एक थेंबही न सोडता, न भरता ते टायर मे मध्ये ४२ ला आलं तर गेजवर साधारण ३४ दिसेल. इथंही कडीचा घोळ आहे बरं का, गेज बाहेरच्या हवेच्या दाबापासून वर मोजतो, म्हणजे ३० च्या खाली अजून १४.७ दडलेले असतात, खरे झाले ४४.७, त्याच्यात दहाएक टक्के वाढ की ४९, त्यातून १४.७ वजा, राहिले ३४. उन्हाळा खरोखर तिप्पट गरम असता तर गेजवर १२० च्या जवळ गेलं असतं आणि पुणे हायवेवर एकही टायर जागेवर राहिलं नसतं.

आणि जानेवारीच्या त्या रात्रीच्या खरोखर दुप्पट गरम म्हणजे किती, तेही काढून ठेवलंय. ५७४.३ केल्विन, म्हणजे ३०१ सेल्सिअस. कल्हईचं कथील २३२ लाच वितळतं. दुप्पट हा शब्द तापमानाला लावला की काय होतं ते यावरून लक्षात येईल. आपण सगळे जगतो, पिकं येतात, माग चालतात, ते सगळं या मापाच्या एका छोट्याशा पट्टीत, आणि त्या पट्टीतले दहा टक्केसुद्धा अंगाला आख्खा उन्हाळा वाटतात.

पण मेव्हण्याला खोटं पाडू नका, त्यांच्या बोलण्यातही अर्थ आहे, फक्त ते हवेबद्दल बोलत नव्हते, अंगाबद्दल बोलत होते. अंगातून उष्णता किती वेगानं जाते ते साधारण अंग आणि हवा यांच्यातल्या फरकावर असतं, ही कल्पना न्यूटननं १७०१ मध्येच मांडली होती. त्यामुळं थंड देशात घर तापवायला इंधन किती लागेल याचा हिशोब करताना इंजिनिअर लोक एक तापमान ठरवून घेतात, बऱ्याचदा १८ धरतात, आणि हवा त्याच्या किती खाली गेली ते मोजतात. १४ म्हणजे ४ ची तूट. १० म्हणजे ८ ची तूट, दुप्पट इंधन. म्हणजे त्यांच्या हिशोबानं तुमच्या १४ च्या दुप्पट थंडी १० ला झाली! आपण सोलापूरकर २४ लाच स्वेटर शोधायला लागतो, तेव्हा आपली रेघ २४ ला धरली तर १४ ला तूट १० ची आणि दुप्पट थंडी ४ ला. मला विचाराल तर रोजच्या बोलण्यात हीच दुप्पट खरी, फक्त कुठल्या रेघेपासून मोजतोय ते आधी सांगायला हवं. मुलीला म्हणावं, पुढच्या वेळी कुणी दुप्पट म्हटलं की निम्मं करायच्या आधी विचार, कशापासून.

प्रश्न: फ्रीजचं बटण २ वरून ४ वर केलं तर दुप्पट गार होतं का? आमच्या घरी यावरून रोज वाद आहे, सासूबाई म्हणतात लाइटबिल पण दुप्पट येणार.
(एक वाचक, विजापूर रोड)

उत्तर: नाही. फ्रीजवरचे आकडे डिग्रीचे नसतातच, ते पहिला, दुसरा, तिसरा अशा नुसत्या पायऱ्या आहेत, आणि १ ते २ आणि ३ ते ४ यातला फरकसुद्धा सारखा असेल असं नाही. ४ म्हणजे २ पेक्षा जास्त गार, एवढंच त्यातून कळतं. सेल्सिअसमध्ये निदान वजाबाकी करता येते, इथं तीही नाही. लाइटबिल थोडं वाढेल, दुप्पट नाही, पण सासूबाईंना हे सांगताना त्यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे असंच सांगा, कारण बाहेर ४२ असताना आतलं जास्त गार ठेवायचं तर मोटर जास्त वेळ चालते हे खरंच आहे. एक स्वस्तातला थर्मामीटर घेऊन मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात रात्रभर ठेवा, ४ ते ५ डिग्री दाखवलं की बटण जिथं असेल तिथं राहू द्या.

प्रश्न: थंडीत पहाटे शहाबादी फरशीवर पाय ठेवला की झिणझिण्या येतात आणि शेजारच्या सतरंजीवर ठेवला की काहीच नाही. फरशी सतरंजीच्या दुप्पट थंड असते का?
(एक विद्यार्थिनी, होटगी रोड)

उत्तर: दोन्ही एकाच खोलीत रात्रभर आहेत, म्हणजे दोन्हीचं तापमान जवळपास एकच, थर्मामीटर टेकवून बघ. तुझा तळपाय तापमान मोजतच नाही, त्याच्यातून उष्णता किती झपाट्यानं जातेय ते मोजतो. दगडातून ती पटकन पुढं जाते, फरशी घेतच राहते, सतरंजीच्या धाग्यांमध्ये हवा अडकलेली असते आणि हवा उष्णता पुढं जाऊ देत नाही, त्यामुळं सतरंजीचा वरचा थर क्षणात पायाइतका होतो आणि थांबतो. उन्हाळ्यात दुपारी हीच फरशी गार लागते म्हणून आपण तिच्यावर झोपतो, तेव्हाही तेच कारण. पण फरशी तुझ्या पायापेक्षा गरम झाली, म्हणजे गच्चीवर उन्हात, की उलटं, तिथं तीच फरशी सतरंजीपेक्षा जास्त चटका देते.

प्रश्न: केल्विनला डिग्री का म्हणत नाहीत? परीक्षेत अंश केल्विन लिहिलं तर मार्क कापला.
(एक विद्यार्थी, अक्कलकोट)

उत्तर: आधी म्हणायचे. वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं १९६७ मध्ये ते काढलं, तेव्हापासून नुसतं केल्विन. मीटर, किलोग्रॅमसारखं ते खऱ्या शून्यापासून मोजलेलं एकक आहे.

प्रश्न: आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या चादरीचे माग आहेत. गिऱ्हाईक नेहमी विचारतं, दोन चादरी घेतल्या तर थंडी निम्मी लागेल का? आम्ही हो म्हणतो. बरोबर आहे का ते?
(एक वाचक, अशोक चौक)

उत्तर: बऱ्यापैकी बरोबर आहे, आणि मला आनंद वाटतो की या अंकात जिथं दुप्पट शब्द खरा ठरतो ती वस्तू आपल्या सोलापूरची निघाली. पांघरूण किती अडवतं याला खरं शून्य आहे, काहीच नाही पांघरलं तर पांघरुणाचं अडवणं शून्य, एक चादर म्हणजे एक वाटा, दोन म्हणजे दोन वाटे. याचं एककसुद्धा आहे, क्लो, १९४१ मध्ये ठरवलं, साधारण २१ डिग्रीच्या खोलीत शांत बसलेल्या माणसाला आरामात ठेवतील एवढे कपडे म्हणजे एक क्लो.

हिशोब सोपा आहे. कातडीचं तापमान ३३ धरा. खोली २३ ला असेल तर फरक १०, एका चादरीतून ठराविक उष्णता जाते. खोली १३ झाली तर फरक २०, दुप्पट, आणि चादरी दोन घेतल्या की अडवणंही दुप्पट, जाणारी उष्णता परत तेवढीच. म्हणजे २३ ला एका चादरीत जी झोप लागते ती १३ ला दोन चादरींत लागावी. एकदम काटेकोर निम्मं होत नाही कारण अंगाभोवतीची स्थिर हवाही थोडं अडवते, ती एका चादरीलाही तेवढीच आणि दोनलाही तेवढीच. आणि दोन चादरींमध्ये अडकलेली हवा जास्तीचं काम करते, त्यामुळं घट्ट ताणून अंगाखाली खोचलेल्या दोन चादरींपेक्षा सैल टाकलेल्या दोन जास्त उबदार लागतात, हे तुम्ही गिऱ्हाइकाला जरूर सांगा, सुताचा धंदा तुमचा आहे पण हवा फुकट मिळते.

पटवायचं असेल तर एक करायला सांगा. पहाटे जाग आली की हात बाहेर न काढता दोन चादरींच्या मधल्या फटीत सरकवायचा. आतल्या अंगाला ऊब असते, बाहेरच्या खोलीत गारवा, आणि त्या फटीत बोटांना लागतं ते दोन्हींच्या साधारण मधलं.